फणसाचं छोटं टेबल पुण्याला जाऊन फाटलं. चुकलं कुठे आणि आता दुरुस्त कसं करू?

खाडीकाठचा_फिटर (दापोली) :

नमस्कार मंडळी. मी सुतार नाही हे आधीच सांगतो. पुढचं वाचून हसायचं असेल तर बिनधास्त हसा. तेहेतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसगाड्या उघडण्यात आणि परत जोडण्यात गेली. हाताला लोखंडाची सवय. लाकूड हातात धरलं ते निवृत्तीनंतर.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा परसातला फणस मुळासकट आडवा झाला. माड गेले, पोफळी गेल्या, त्यांची मोजदाद पंचनाम्यात झाली. पण हा फणस आजोबांनी लावलेला. बरका होता, त्यामुळे गऱ्यांना गिऱ्हाईक नाही, पण आमच्या घरची फणसपोळी त्याचीच. खोड पावसाळाभर तसंच पडून राहिलं. लाईटच इतके दिवस नव्हती की खोडाची काळजी कोण करतो. दिवाळीनंतर चिरवून आणलं. सव्वा इंची अकरा फळ्या निघाल्या. सालीलगतचा पांढरा भाग तोवर किडीने पिठासारखा केला होता, तो तासून टाकला. आतला गाभा मात्र हळदीसारखा पिवळाधमक, जराही कीड नाही. मधे पट्ट्या घालून फळ्यांची थप्पी माळ्यावर लावली. खाली चूल आहे, तिची धग आणि धूर लागत राहिला. चार वर्षं झाली. पिवळ्याचा रंग आता मधासारखा झालाय.

बहीण पुण्यात असते. ती म्हणाली, त्या झाडाचं काहीतरी माझ्याकडे दे. खुर्चीशेजारी ठेवायला छोटं टेबल, वर चहाचा कप आणि चष्मा राहील एवढं. म्हटलं, करतो.

माप असं: वरची फळी १५ इंच बाय १५ इंच, उंची २० इंच. चार पाय चौकोनी, खाली निमुळते. चारी बाजूंच्या पट्ट्यांना खालून महिरप कापली. नक्षी आमच्या देव्हाऱ्यावरून कागदावर उतरवून घेतली. चार पट्ट्यांची महिरप कापायला सात दिवस आणि जाळीच्या करवतीची बारा पाती लागली. पायाला पट्टी जोडायला कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खाच, सगळं हाताने. इथे मात्र माझी फिटरगिरी कामाला आली. कुसू इतका नेमका बसला की मोगरीने ठोकताना खाचेतली हवा फुस्स करून बाहेर यायची. पिस्टन सिलिंडरमध्ये ढकलल्यासारखी. बायकोला बोलावून तीनदा तो आवाज ऐकवला. चौथ्यांदा ती आली नाही.

वरच्या फळीसाठी पाच-पाच इंचाचे तीन तुकडे कडेला कड लावून फेविकॉलने जोडले. मग ती फळी चौकटीवर चारी बाजूंनी फेविकॉल लावून बसवली, आणि शिवाय खालून आठ स्क्रू पिळले. हलता कामा नये, हे एवढंच डोक्यात. वर्कशॉपात हलणारी वस्तू म्हणजे खडखडाट, आणि खडखडाट म्हणजे ड्रायव्हरच्या शिव्या.

हे सगळं २०२४ च्या श्रावणात, पडवीत बसून. बाहेर पाऊस, आत मी. चपडीचं पॉलिश फक्त वरून मारलं, खालून कोण बघतंय. गणपतीला बहीण आली आणि जाताना भाच्याच्या गाडीतून ताम्हिणी घाटाने टेबल पुण्याला गेलं. दोन महिने रोज फोनवर कौतुक.

फेब्रुवारीत तिचा फोन. रात्री दिवाणखान्यात टाळकन आवाज झाला, कुणाला वाटलं कुकरचं झाकण पडलं. सकाळी बघते तर टेबलाला चीर. शिमगा उरकून पुण्याला गेलो, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) खिशात घालून. (हो, गेलो. सवय आहे.) पाती एकावर एक लावून मोजलं: कडेला २.८ मिमी, आणि चीर आत दहा इंचांपर्यंत गेलेली. गंमत अशी, की जोड सुटलेला नाही. मधला पाच इंची तुकडाच उभा फाटलाय. वरची फळी दोन्ही कडांना किंचित वर उचललीय, ताटलीसारखी.

शेजारच्यांचं मत, फणस खांबांना ठीक, टेबलाला सागच हवा. मला ते पटत नाही. याच फणसाच्या जातीचे खांब आमच्या ओटीवर शंभरएक वर्षं उभे आहेत.

तर विचारायचं ते असं. फाटलं का? चीर बुजवू का, बुजवली तर कशाने? आणि जाता जाता, फणसाला रंधा मारताना मधेच टवके उडतात, एका बाजूने गुळगुळीत आणि वीतभर पुढे गेलं की खरबरीत. धार लावून लावून पातं अर्धं झालं. त्याला काय करतात?


पटाशी (कुडाळ) :

काका, आधी टवक्यांचं सांगतो, ते सोपं. फणसाची रेष (लाकडातले तंतू) सरळ जात नाही. थोडं अंतर इकडे, थोडं अंतर तिकडे, एकाआड एक थर विरुद्ध तिरके. म्हणून तुम्ही कुठूनही रंधा मारा, कुठेतरी तो उलट जाणारच. पातं अगदी केसभर बाहेर ठेवा आणि रंधा सरळ न ढकलता तिरका धरून ढकला. शेवटचा हात रंध्याने मारूच नका. पूर्वी आमच्याकडे फुटक्या काचेच्या कडेने खरवडायचे. तुमच्याकडे पॉवर हॅक्सॉची जुनी पाती पडलेली असतील, त्यांचे दात ग्राइंडरवर उडवा, कड काटकोनात घासा आणि एखाद्या कडक गोल सळईने कडेला हलकीशी वळ काढा, म्हणजे कड जराशी मुडपा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी जरा वाकवून ओढा. कागदासारखा पातळ भुसा निघेल, टवका एक उडणार नाही.

आता फाटण्याचं. फणसाचा काही दोष नाही. हातही चांगला आहे तुमचा, नाहीतर जोड सुटला असता. दोष चिकाटीचा. दर पावसाळ्यात न्हाणीघराचं दार अडकतं ना? आणि मार्चात परत नीट लागतं ना? मग ते दार कुणी फेविकॉलने चौकटीला चिकटवून ठेवलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही तेच केलंत. वरची फळी रुंदीत आटणार होती, तुम्ही तिला चारी बाजूंनी धरून ठेवलीत. पट्ट्या लांबीत आटत नाहीत, त्या जागच्या हलल्या नाहीत. मग फळीने करायचं काय? फाटली.

आमचे वडील म्हणायचे, "फळयेक घट धरलंस तर ती फाटतली. सैल धर, ऱ्हवतली."

घरात जुनं पॅनलचं कपाट असेल तर बघा. चौकटीच्या खाचेत पॅनल नुसतं सरकवलेलं असतं, त्याला डिंक नसतो. आत्ता कोरड्या दिवसांत पॅनलच्या दोन्ही उभ्या कडांना पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसेल. पावसात ती रेघ खाचेत जाते.

दुरुस्ती अशी. चीर बुजवू नका. लांबी (पुट्टी), भुसा-फेविकॉल, काहीही भरलंत आणि पावसात फळी फुगली, की भरलेलं दाबलं जाईल आणि दुसरीकडे कुठेतरी फाटेल. आठ स्क्रू काढा. डिंक सोडवायला इस्त्रीची वाफ द्या, सांध्यात गरम व्हिनेगर सोडा आणि पातळ पात्याने हळूहळू उचला, घाई नाही. फळी मोकळी झाली की चिरेच्या रेषेने करवतीने सरळ चिरून टाका. दोन्ही कडा रंध्याने जुळवा आणि परत चिकटवा. पाव इंच रुंदी जाईल, जाऊ दे.

मग वरची फळी बसवायची ती छोट्या ठोकळ्यांनी. दीड इंचाचा लाकडी ठोकळा, एका टोकाला जीभ काढलेली. पट्टीला आतून, वरच्या कडेपासून अर्ध्या इंचाखाली खाच. जीभ त्या खाचेत, ठोकळा स्क्रूने फळीला. डिंक कुठेही नाही. जीभ फळीला वर उचलू देत नाही, पण सरकायला मोकळीक देते. ज्या दोन पट्ट्या रेषेला आडव्या येतात, तिथे खाच लांब ठेवा, ठोकळा तिच्यात बाजूला सरकेल. आणि त्याच दोन पट्ट्यांच्या मधोमध एकेक ठोकळा असा बसवा की तो सरकणार नाही, म्हणजे फळी दोन्हीकडे सारखी आटेल-फुगेल.

एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. पावसाळ्यात बसवणार असाल तर रेषेला समांतर पट्ट्यांत जीभ खाचेत पूर्ण आत घाला, कारण पुढे फळी आटून ती बाहेर येणार आहे. उन्हाळ्यात बसवणार असाल तर जिभेपुढे दोन-तीन मिमी जागा सोडा, कारण फळी फुगून जीभ आत शिरणार आहे. उलट केलंत तर पहिल्या पावसात पट्टीच बाहेर ढकलली जाईल आणि तुमचा फुस्सवाला सांधा सुटेल.


पेठेतला_हिशेबी (पुणे) :

पटाशीभाऊंनी मुद्दा सांगितलाच आहे, मी फक्त आकडे टाकतो, फिटरकाकांना आकडे आवडतील असं दिसतंय.

कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत महिनोन्‌महिने ठेवलेलं लाकूड स्वतःच्या वजनाच्या १७-१८ टक्के ओलावा धरून बसतं, मग ते चार वर्षं वाळवलेलं का असेना. पुण्यात फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी आर्द्रता तिशीच्याही खाली जाते. तिथे तेच लाकूड ८-९ टक्क्यांवर येतं. म्हणजे ९ टक्के ओलावा गेला.

सपाट चिरलेल्या फळीत दर एक टक्का ओलाव्यामागे रुंदी हजारात साधारण दोन भागांनी बदलते. लाकडागणिक फरक पडतो, पण हिशेबाला चालतं. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. ३८१ × ०.००२ × ९ = जवळजवळ ७ मिमी. तुमच्या फीलर गेजवर २.८ आले. उरलेलं ताणात, बाक घेण्यात आणि सांध्यांत गेलं असणार. लांबीत मात्र बदल नगण्य, म्हणूनच पट्ट्या ढिम्म राहिल्या.

आता तुमच्या ओळखीच्या भाषेत: ३८१ मिमीची लोखंडी पट्टी २० अंशांनी तापली तर वाढते ०.०९ मिमी. तुम्ही तेहेतीस वर्षं ०.०९ सांभाळलंत, आणि इथे ७ आले.

ताटलीसारखा बाक का आला? पॉलिश फक्त वरून मारलंत. पॉलिशने ओलावा थांबत नाही, पण वेग कमी होतो. उघडी खालची बाजू आधी सुकली... थांबा, तसं असतं तर खालची बाजू आटून कडा खाली वळायला हव्या होत्या. तुमच्या कडा वर उचलल्यात. टेबल खिडकीपाशी होतं का? वरून ऊन लागत होतं का?


खाडीकाठचा_फिटर :

पेठेतले हिशेबी, तुम्ही घरात येऊन बघून गेल्यासारखं बोलताय. टेबल पश्चिमेच्या खिडकीखाली होतं. दुपारी तीन ते सहा ऊन थेट फळीवर. बहिणीला विचारलं तर म्हणाली, उन्हात तो मधाळ रंग छान दिसायचा म्हणून मुद्दाम तिथे ठेवलं होतं. तिथला रंग बाकीच्यापेक्षा गडदही झालाय, कप ठेवायची बशी जिथे असायची तिथे फिकट गोल उरलाय.

७ मिमीचा हिशेब वाचून थोडा वेळ गप्प बसलो. डेपोत कुणी मला ७ मिमीचा फरक सांगितला असता तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

पटाशीभाऊ, कपाट बघितलं. आजीचं, दोन पॅनलचं. दोन्ही पॅनलला उभ्या कडेला नखाएवढी पांढुरकी रेघ आहे. जन्मापासून बघतोय ते कपाट. मला वाटायचं पॉलिशवाल्याने आळस केला.


जुना_रंधा (मुंबई) :

एवढा खटाटोप कशाला? वरती प्लायवूड लावा, त्यावर फणसाचं व्हिनिअर मारा. हलत नाही, फाटत नाही. किंवा चिरेवर शिसवीचा डमरू (चीर धरून ठेवणारा, डमरूच्या आकाराचा आडवा तुकडा) ठोकून मोकळे व्हा, हल्ली तीच फॅशन आहे, लोक मुद्दाम फाटकी फळी शोधतात.


पटाशी :

डमरू दिसतो छान, मीही करून देतो. पण धरून ठेवलेली फळी सोडवली नाही तर डमरूच्या शेजारून फाटेल. आधी फळी मोकळी करा, मग हौस म्हणून डमरू बसवा, कोण नको म्हणतंय.


चितारआळी (सावंतवाडी) :

काका, महिरपीला सात दिवस लावलेत आणि तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, म्हणून मी बोलते.

आमच्याकडे पाट आणि चौरंग रंगवतात, लाकडाची फळं करतात, गंजिफाही (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते). पर्यटक फळं उचलतात, चौरंगाकडे वळतही नाहीत, असो. तुमची महिरप रंगवून घ्यायची असेल तर ती रंगवण्यासारखी जागा आहे. वरची फळी रंगवू नका, तिला फणसाचाच रंग राहू दे. नुसत्या पट्ट्या रंगवा. गंजिफाच्या पानांना जशी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड मिसळून आधी लेप देतात, तसा पातळ लेप पट्टीवर देऊन तो घासून गुळगुळीत करायचा, मग वर वेल किंवा पानं काढायची. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं असतात, त्यांच्या कडेची नक्षी बघा, पट्टीला शोभेल अशी बरीच सापडेल. ही कला राजवाड्यातून परत उभी राहिली ती सावंतवाडीचं राजघराणं आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांच्यामुळे, नाहीतर पानं रंगवणारे हात फार थोडे उरले होते.

पायांवर लाखेचा रंग हवा असेल तर मात्र पाय गोल हवेत. लाखेची रंगीत कांडी चरकावर फिरत्या लाकडावर दाबतात, घासण्याने ती तापून वितळते आणि बसते, मग केवड्याचं पान धरून चकाकी आणतात. तुमचे पाय चौकोनी आणि निमुळते, त्यांना हे जमणार नाही. चौकोनीच छान आहेत, बदलू नका.

एक धोक्याची सूचना. चपडीचं पॉलिश म्हणजेही लाखच. गरम कप ठेवला की पांढरी कडी उमटते, स्पिरिट किंवा सॅनिटायझर सांडलं तर सरळ विरघळतं. चहासाठीच टेबल आहे म्हणता, तर वरच्या फळीला उकळलेलं जवसाचं तेल द्या. पातळ हात, पुसून घ्यायचं, दोन दिवस थांबायचं, परत. चार-पाच हात. रंग आणखी खुलेल आणि डाग पडला तर पुन्हा तेल चोळता येतं. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. चपडी पट्ट्यांना आणि पायांना ठेवा, पण पावसात मारू नका.


खाडीकाठचा_फिटर :

मंडळी, कळवायला उशीर झाला. बहीण मे महिन्यात आली, टेबल घेऊन. सांगतो काय झालं ते.

फळी सोडवायला दीड दिवस लागला. इस्त्री बायकोची, त्यामुळे ती शेजारी उभी. व्हिनेगरचा वास माजघरापर्यंत. चिकटवलेलं इतकं चांगलं चिकटलं होतं की दोन ठिकाणी फणसाचे पातळ पापुद्रे पट्टीलाच राहिले. सुटली तेव्हा चिरेचं तोंड डोळ्यांदेखत थोडं मिटलं. तेव्हा कळलं, ती किती ताणून धरली होती.

चिरून, कड जुळवून परत चिकटवली. आता १४ आणि पाऊण इंच. हॅक्सॉच्या पात्याची खरवडणी केली, आणि हे मला आधी कळलं असतं तर रंध्याचं पातं वाचलं असतं. भुसा कसला, पिवळ्या फुलांच्या पाकळ्या निघतात. नातवाने त्या गोळा करून सुपारीच्या विरीत भरून ठेवल्यात.

ठोकळे आठ केले, शिवणीच्या लाकडाच्या एका तुकड्यातून. जिभा मोजून १० मिमी. इथे एक घोळ झाला. मी उन्हाळ्याच्या हिशेबाने पुढे तीन मिमी जागा सोडली होती. पण यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला, आणि फळी माझ्या पडवीत पंधरा दिवस पडून होती. म्हणजे ती आता सुकी नाही, पुरती फुगलेलीही नाही, मधेच कुठेतरी. फळीची रुंदी रोज सकाळी व्हर्नियरने मोजायला लागलो. पंधरा दिवसांत १.९ मिमी वाढली. बायको म्हणाली, पोरांची उंची कधी अशी मोजली नाहीत. शेवटी पुढे एकच मिमी जागा सोडून जिभा घातल्या. पटाशीभाऊ, बरोबर की चूक?

ताई, तुमचं ऐकलं नाही आणि भोगलं. भर पावसात पायांवर चपडी मारली. दहा मिनिटांत दुधाळ पांढरी. कोळीष्टकं लावल्यासारखे पाय दिसायला लागले. मग चहाची वेळ टळेपर्यंत डोकं धरून बसलो. पुढे आठवड्याने दोन दिवस उघडीप मिळाली, तेव्हा स्पिरिटचा हलका बोळा फिरवला तर बरंचसं निघालं. एका पायाच्या आतल्या बाजूला अजून पांढरट झाक आहे, ती मुद्दाम भिंतीकडे वळवीन. वरच्या फळीला जवसाचे चार हात झाले, खालूनही तेवढेच. महिरप रंगवायचं धाडस अजून झालेलं नाही. चिंचोके मात्र भिजत घातलेत.

डमरू बसवला, एक, छोटा. गरज नव्हती हे मान्य. शिसवीचा नाही मिळाला, म्हणून फणसाच्याच फांदीच्या गडद तुकड्यातून काढला. जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही. बहिणीला दाखवला तर म्हणते, हा डाग कसला?

ती गणपतीपर्यंत टेबल इथेच ठेवतेय. पुण्यात पश्चिमेची खिडकी सोडून आतल्या भिंतीची जागा ठरवून झालीय, फोटो पाठवला तिने. फेब्रुवारीत पुन्हा मोजून इथे टाकतो. पट्टीच्या आत जिथे जीभ शिरते, तिथे आजच्या तारखेची पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय.


पटाशी :

एक मिमी बरोबर. रेघ मारलीत ते तर फारच बरोबर, आमच्यात कुणी मारत नाही.

पांढरा पाय भिंतीकडे वळवताना बघा, महिरपीची चांगली कापलेली बाजू पण भिंतीकडे जाईल.


खाडीकाठचा_फिटर :

अरे देवा. तीच बाजू आहे.